बाबांचं कोपर

९ फेब्रुवारी

टकल्याने सांगितलंय म्हणून ही वही. टकल्या म्हणजे नागरिकत्वाची कामं करून देणारा वकील. वकील आहे की नाही देव जाणे, दारावर पाटी तरी तशीच आहे. "कोणाला भेटलात, काय बोलणं झालं, सगळं लिहीत जा," म्हणाला. "मुलाखतीत उलटसुलट विचारतात, मग माणसाचं ततपप होतं." माझं ततपप होत नाही हे त्याला अजून कळायचंय. तरी लिहितोय, गॅरेजमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून.

प्रकरण असं आहे. बाबांचे वडील पलीकडच्या देशातले. इथे जहाजं दुरुस्त करायला आले, इथलीच बायको केली आणि बाबा शाळेत असताना घर सोडून गेले. त्यांच्या देशात नातवालाही नागरिकत्व मिळतं. अडचण एवढीच की लग्नाची नोंद कुठेच नाही. म्हणून म्हाताऱ्याने स्वतः अधिकाऱ्यासमोर येऊन 'हा माझा मुलगा' म्हणायला हवं आणि बाबांनी 'हे माझे वडील'. दोघांनी एकमेकांना ओळखलं की माझं काम झालं. आधी मी जाईन, मग बायको आणि मुंगी. मुंगी म्हणजे आमची पोर. सहा वर्षांची आहे, जिथे गोड तिथे ती, म्हणून मुंगी.

इथे काय ठेवलंय? सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात गेला. तिकडे माणसाला किंमत आहे. इथे कोणीही येतो आणि तोंड वर करून बोलतो.

बाबांना सांगितलं. ते एका गाडीचा दरवाजा ठोकत होते. "मला बाप नव्हता," एवढंच म्हणाले आणि परत ठोकायला लागले.

१३ फेब्रुवारी

आज गिऱ्हाइकाशी वाजलं. पांढरी गाडी, मागचा दरवाजा आत गेलेला. आम्ही काढून, रंगवून दिला, तर म्हणे रंगात फरक दिसतोय. म्हटलं, उन्हात बघ. तो म्हणाला, "अरेतुरे कोणाला करतोस?" मग मीच त्याची मान धरून त्याला उन्हात नेलं, गाल दरवाजाला टेकवला आणि म्हटलं, आता नीट जवळून बघ. मग मात्र त्याला फरक दिसला नाही. नाकातून थोडं रक्त आलं, ते दरवाजाला लागलं. पुसावं मलाच लागलं.

बाबांनी मध्ये पडून त्याला सोडवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. गेल्यावर मला नेहमीचं पालुपद ऐकवलं: "मारून पत्रा सरळ होत नसतो." त्यांची पद्धत म्हणजे पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी हलकी हलकी टेकवत न्यायची. पत्रा आपसूक जागेवर येतो म्हणे. ठोकळा धरायला त्यांचा डावा हात फार सोयीचा आहे. त्याचं कोपर सरळ होतच नाही, कायमचं दुमडलेलं. दरवाजाच्या आतल्या पोकळीत आमचा हात पोचत नाही तिथे त्यांचा वाकडा हात बरोबर बसतो. लहानपणी पडले होते. देवाने काही विचार करूनच पाडलं असणार.

२ मार्च

म्हातारा सापडला!

परदेशात वगैरे काही गेला नव्हता. इथून चार तासांवरच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे एका खोलीत राहतो. दारातून आत पाऊल टाकलं तर पहिल्यांदा नडगीवर काठी बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "कोण रे तू?" असं नंतर विचारलं. म्हटलं, "तुमचा नातू." तर दुसरी काठी उचलली. ती मी वरच्यावर धरली, गुडघ्यावर मोडली आणि तुकडे त्याच्या अंथरुणावर टाकले.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि मग जो हसायला लागला! दात नाहीत, पण छाती अजून दाराएवढी. म्हणाला, "बस. आता पटलं." मला तर पहिल्या भेटीतच आपलं माणूस वाटलं. बाबांशी असं कधी होत नाही. बाबांशी बोलताना वाटतं, भिंतीशी बोलतोय आणि भिंतच आपल्याला घाबरतेय.

त्याची अट एकच. त्याला त्याच्या देशात जाऊन मरायचंय. एकट्याने प्रवास जमत नाही, म्हणून मी घेऊन जायचं. मी लगेच हो म्हटलं. रक्ताची तपासणी केली तर काम चटकन होईल असं टकल्याने सांगितलं होतं, तर म्हातारा सुईजवळ कोणाला येऊ देत नाही. मागच्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सचा अंगठा पिरगळला होता, हे त्याने स्वतःच कौतुकाने सांगितलं.

येताना शेजारची बाई जिन्यात भेटली. म्हणाली, "न्या हो याला, कुठे न्यायचं तिथे न्या."

११ मार्च

बाबांशी तिसऱ्यांदा बोललो. मी हात जोडले, मी! म्हटलं, एक वाक्य बोलायचंय, त्यात तुमचं काय जातं? ते पॉलिश पेपरने पुट्टी घासत राहिले. म्हणाले, "त्यांच्यासमोर मला उभं करू नकोस." म्हटलं, म्हातारा आता नव्वदीला आला, काय खाणार आहे तुम्हाला? डावा हात पोटाशी धरून बसले, पोट दुखतंय तसे.

या गप्प बसण्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. हातातली हातोडी मी फेकली. त्यांच्यावर नाही, बाजूला. ती समोरच्या गाडीच्या काचेतून आत गेली. बाबा एवढे दचकले की स्टुलावरून खाली आले. काच आम्हालाच भरून द्यावी लागणार. हे सगळं त्यांच्या एका हट्टापायी.

घरी आलो तर जेवणात मीठ नाही. ताट भिंतीवर गेलं. हिने पुसलं. आजकाल ही आधी फरशीवरच्या काचा उचलते आणि मग रडते. पूर्वी उलटं होतं. सुधारणा आहे.

१९ मार्च

आज वाईट झालं. मुंगीचं मनगट मोडलं.

हिच्याशी बोलत होतो. विषय तोच: तिकडे जायचं का नाही, आणि हिची कुरकुर की तिकडे आपलं कोण आहे. मी आहे ना! एवढं म्हणून मी खोलीबाहेर पडलो आणि दार लावून घेतलं. जोरात लावलं, राग आला की माणूस दार जोरातच लावतो. मुंगी मध्ये कुठून आली देव जाणे. तिने चौकट धरली होती. आवाज मी ऐकला, पण वाटलं लाकडाचा आहे.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "पडली." शहाणी आहे. डॉक्टर लोक उगाच एकाचे चार प्रश्न करतात. मुंगीलाही विचारलं, तर मुंगीने आईकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "पडले."

बाबा दाराशी उभे होते. गॅरेजमधून तसेच आलेले, अंगभर प्रायमर. 'पडले' ऐकलं आणि भिंतीला टेकले. बराच वेळ त्या पोरीच्या प्लास्टरकडे बघत होते. मी म्हटलं, बाबा, बसा. ते मुंगीजवळ बसले आणि तिचा चांगला हात आपल्या वाकड्या हातात धरून ठेवला.

मला रडू आलं. खरं सांगतो, बाहेर जाऊन रडलो. मुंगीसाठी मोठं आइस्क्रीम आणलं. तिने खाल्लं नाही, हातात वितळू दिलं.

२० मार्च

काय बदललं कळत नाही, पण बदललं! सकाळी बाबा स्वतःहून माझ्याकडे आले. म्हणाले, "मी येतो. सांगतो काय सांगायचं ते."

मी त्यांना मिठी मारणार होतो, ते मागे सरकले. म्हणाले, "एक अट आहे. मिळालं की लगेच निघायचं. एकट्याने. या दोघी इथे राहतील. तुझं तिकडे बस्तान बसेपर्यंत मी सांभाळीन."

"एवढी घाई?" मी विचारलं.

"घाईच," म्हणाले. "आयुष्यात तुझ्यासाठी काही केलं नाही मी. एवढं तरी करू दे."

शेवटी बापाचं काळीज! मी हिला सांगितलं तर ही पोळ्या लाटताना थांबली. म्हणाली, "बाबा खरंच तयार झाले? त्या माणसासमोर उभं राहायला?" आणि जी हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटायचं, हिला मी जायला नको आहे म्हणून कुरकुर करते. प्रेम असतं बायकांचं, दाखवता येत नाही.

२२ एप्रिल

मुलाखतीची तारीख मिळाली, जूनमधली. टकल्याने अर्ज एकदा चुकीच्या विभागात दिला होता, म्हणून उशीर. त्याला टेबलापलीकडून ओढून एक ठेवून दिली. चष्मा वाकडा झाला. पोलिसात जाईन म्हणाला, मग गेला नाही, अर्ज मात्र त्याच दिवशी योग्य विभागात गेला. लोकांना सरळ भाषा कळत नाही त्याला मी काय करू?

बाबांनी नवीनच काढलंय. दुपारी हिला गॅरेजमध्ये बोलावतात आणि काम शिकवतात. ठोकळा कसा धरायचा, पत्र्यावर हात फिरवून पोचा कसा ओळखायचा. मी चेष्टा केली, "सासरा-सून दुकान काढणार की काय?" बाबा म्हणाले, "तू नसताना हात चालता हवा घरात." विचार पटला. हिचा हात हलका आहे, बाबांना आवडतो. मला म्हणायचे तुझ्या हातात पत्रा फाटतो.

ही रोज एकदा तरी विचारते, "नक्की मिळेल ना?" उत्साह बघा! मी म्हणतो, मिळणारच. मग ही सुस्कारा टाकते.

८ जून

मिळालं. सगळं सविस्तर लिहितो, कारण असा दिवस परत येणार नाही.

म्हाताऱ्याला पहाटेच जाऊन घेऊन आलो. बाबा कचेरीच्या दाराशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. म्हातारा गाडीतून उतरला तसे बाबा दोन पावलं मागे गेले. साठीचा माणूस! म्हातारा त्यांच्या अंगावरून पुढे गेला. ओळखलंच नाही.

आत अधिकारी बाई. चष्म्याला साखळी, आवाज शांत. तिने म्हाताऱ्याला विचारलं, "हा तुमचा मुलगा आहे का?"

म्हातारा बाबांकडे बघून म्हणाला, "असेल. पोरं होती मला, दोन की तीन. रडताना सगळी सारखीच दिसतात."

"नक्की सांगा. असेल असं चालत नाही."

"अहो, आता चेहरा काय लक्षात राहणार? हा तर टक्कल पडलेला म्हातारा आहे."

बाई फाइल बंद करायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी टेबलावर मूठ आपटली, तर तिने शिपायाला हाक मारली. शिपायाने माझा खांदा धरला, मी त्याला कोपराने मागे ढकललं, तो खुर्चीसकट पडला. सगळं हातचं जात होतं, आणि म्हातारा खुशीत बघत बसला होता, कुस्ती बघतात तसा.

तेव्हा बाबांनी डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही वर केली. तो दुमडलेला हात त्यांनी टेबलावर म्हाताऱ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हे ओळखता का बघा."

म्हातारा पुढे वाकला. अंगठ्याने कोपर चाचपलं, हाड जिथे चुकीचं जुळलंय तिथे दाबलं. आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर माझं काम!" म्हणाला. "स्वयंपाकघराचं दार. जहाजाच्या फळ्यांचं, मीच केलेलं. हात मध्ये धरला याचा आणि दार ओढलं. पहिल्या वेळी नाही मोडला. दुसऱ्या वेळीही नाही. चिवट होता पोरगा."

बाईचं पेन थांबलं. शिपाई उठून उभा होता, तोही थांबला. बाईने विचारलं, "कशाबद्दल?"

"पाणी सांडलं होतं याने."

"दूध," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक, मुंगीसारखा. "पाणी नव्हतं. दूध होतं."

"हो हो, दूध!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "शेवटचं भांडं! माझाच आहे हा. लिहून घ्या."

बाईने बाबांना विचारलं, हे बरोबर आहे का. बाबा म्हणाले, "हो. हे माझे वडील." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला तर लहानपणी पडलो असं सांगत आले."

"तुम्हाला मूल आहे?"

"एक मुलगी. तिचाही अर्ज करायचाय."

"तिचा आत्ता नाही," बाबा एकदम बोलले. मध्ये बोलायची त्यांना सवय नाही. "फक्त याचा करा. हा एकटा जाणार आहे."

बाई बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग जमिनीवर पडलेल्या खुर्चीकडे. म्हणाली, "समजलं." आणि शिक्का मारला. बायका अधिकारी असल्या तरी मनाने मऊ असतात.

बाहेर आल्यावर बाबा मोरीत जाऊन ओकले. आनंदाच्या दिवशी हे असं. मला चहा पाजायचा होता सगळ्यांना. शेवटी मी आत जाऊन त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, तर केवढ्याने ओरडले! लोक बघायला लागले. त्याच हाताला धरलं होतं, लक्षात नव्हतं माझ्या.

एका गोष्टीचा राग अजून जात नाही. हे कोपराचं मला आधी सांगितलं असतं तर एवढी यातायात झालीच नसती. पुरावा घरात होता आणि मी दारोदार फिरत होतो.

३० ऑगस्ट

कागद आले. बाबांनी माझं आणि म्हाताऱ्याचं तिकीट स्वतः जाऊन काढलं, सर्वांत लवकरचं. मुंगीचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, तरी ती हात पोटाशी धरून चालते. मी म्हटलं, सरळ कर. नाही केला. मी धरून सरळ केला. किंचाळली. ही धावत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली, हातात गॅरेजची हातोडी. म्हणाली, "थोडेच दिवस राहिलेत. नीट जा."

हातोडी कशाला आणली होती विचारायचं राहून गेलं. काम अर्धवट टाकून आली असेल.

१२ सप्टेंबर

विमानतळावर बसून लिहितोय. म्हातारा शेजारी आहे.

निघताना ही रडली नाही, घट्ट आहे. बाबांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले, पण तोंडाने म्हणाले, "सुखाने जा." मुंगी शेजाऱ्यांकडे खेळायला गेली होती. टॅक्सी निघाली आणि कोपऱ्यावर आठवलं, जाकीट राहिलं. तिकडे थंडी मरणाची. टॅक्सी वळवली, म्हाताऱ्याला तिच्यातच बसवून वर गेलो. आतून ठोकाठोक ऐकू येत होती. किल्ली लावली तर शिरेना.

दार वाजवलं. ठोकाठोक थांबली. मग बाबांचा आवाज आला, "काय राहिलं?"

"जाकीट. दार उघडा."

"खिडकीशी ये."

गॅलरीतल्या खिडकीच्या गजांतून हिने जाकीट दिलं. हिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. आत जुनं कुलूप जमिनीवर पडलेलं आणि दारावर नवं, मोठं, पोलादी. मुंगी घरातच होती, ओंजळीत स्क्रू धरून आजोबांजवळ बसलेली. मी हाक मारली. तिने वर बघितलं नाही, कामात असली की अशीच असते. तिचा हात मात्र सरळ होता, आजोबांना स्क्रू देताना.

माझी पाठ फिरायच्या आत कामाला लागले! कौतुक वाटलं मला. घरात पुरुषमाणूस नसताना दार भक्कम हवंच. नवी किल्ली मागितली तर बाबा म्हणाले, "तिकडे तुला काय कामाची?" तेही खरंच.

हे सगळं आत्ता म्हाताऱ्याला सांगितलं. तर तो हसायला लागला, थांबेचना. म्हणाला, "तुझ्या आजीनेही कुलूपच बदललं होतं. मी तंबाखू आणायला खाली उतरलो होतो. महिनाभर दार बडवलं, उघडलं नाही. मी काय घर सोडून गेलो होतो होय?"

मी म्हटलं, गप बसा. तो हसतच राहिला. मी त्याचा दंड धरून हाडापर्यंत दाबला तेव्हा गप्प झाला. समोरची बाई आपल्या पोराला घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. आता म्हातारा दंड चोळतोय आणि माझ्याकडे बघून मान डोलावतोय, पसंत पडल्यासारखी.

डोकं फिरलंय त्याचं. तिथे पोचलो की पहिला फोन घरी करायचा. ही उचलेल. न उचलून जाते कुठे?